मोटार थांबविण्याची विद्या

मोटार हा माझ्या आवडीचा विषय आहे, हें चंद्रपुरांतील माझ्या परिचितांना चांगलें ठाऊक आहे. शाळामास्तरानें मोटारीचा नाद धरावा, यांत पुष्कळांना थोडी विसंगति वाटते. मास्तर म्हणजे छत्री, सायकल आणि फार तर एखादी दुचाकी, अशी समजूत रूढ आहे. आणि माझ्या नोकरीचीं बरींच वर्षें मींही सायकलवरच काढलीं. परंतु आवड ही ऐपतीची वाट पाहत बसत नाहीं. ज्याला गाणें आवडतें त्याच्या घरीं तंबोरा असतोच असें नाहीं. ओट्यावर बसून रस्त्यानें गेलेल्या गाडीचा नुसता आवाज ऐकावा आणि ती कोणती, तिचें यंत्र कोणत्या अवस्थेंत आहे, चालविणारा कोणत्या स्वभावाचा आहे, हें ओळखावें, हा छंद मला विद्यार्थिदशेपासून आहे. त्यामुळें नवी मोटार घेऊं इच्छिणारे शेजारी, माजी विद्यार्थी, आणि कधीं कधीं त्यांचे सासरे देखील सल्ल्यासाठीं माझ्याकडे येतात.

हे सर्वजण तीन प्रश्न विचारतात. गाडी एका लिटरांत किती किलोमीटर जाते? शंभराचा वेग किती सेकंदांत घेते? आणि तिच्यांतला पडदा केवढा आहे? चौथा प्रश्न, जो माझ्या मतें पहिला असावयास पाहिजे, तो सहसा कोणी विचारीत नाहीं. तो असा: ही गाडी थांबते कशी? आजच्या भाषणांत मला या चौथ्या प्रश्नाचाच विचार करावयाचा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांत मोटारीचें सुख आणि मोटारीचें संकट हीं दोन्ही अखेरीस याच प्रश्नापाशीं येऊन ठेपतात.

प्रथमच एक गोष्ट सांगतों. वेगाची निंदा करण्यासाठीं मी येथें आलेलों नाहीं. धांवण्याची हौस माणसाला मोटारीनें लाविली हें खरें नाहीं. आमच्या पूर्व विदर्भांत सुगी आटोपली कीं शंकरपट भरतात. बैलांची जोडी वाऱ्यासारखी सुटते आणि हजारों माणसें कडेला उभीं राहून आरोळ्या ठोकतात. या शर्यतींवर सन २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बंदी आली. पुढें कायद्यांत दुरुस्ती झाली आणि मे २०२३ मध्यें त्याच न्यायालयानें ती दुरुस्ती ग्राह्य धरली. तात्पर्य, वेगाचें वेड जुनें आहे आणि तें जाणारें नाहीं. परंतु पटाला जाणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला विचारा. जोडी नुसती पळणारी असून भागत नाहीं, ती पल्ल्याअखेर आवरणारी असावी लागते. न आवरणारी जोडी कितीही चपळ असली तरी तिला शहाणा माणूस जुंपीत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र हा शहाणपणा आपण गहाण टाकला आहे.

मोटारीच्या इतिहासाचा आरंभच या दृष्टीनें बोधप्रद आहे. जर्मनींतील कार्ल बेंझ यानें सन १८८६ मध्यें आपल्या तीन चाकी मोटारीचें पेटंट घेतलें. पण ती गाडी लांबच्या प्रवासाला उपयोगी पडेल असा लोकांचा विश्वास बसेना. तेव्हां त्याची पत्नी बेर्टा हिनें ऑगस्ट १८८८ मध्यें दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगतां, मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारें शंभर किलोमीटरांची मजल मारली. वाटेंत इंधन संपलें तें तिनें एका औषधाच्या दुकानांतून घेतलें. परंतु मला त्या प्रवासांतील जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते ती निराळीच आहे. उतारावर गाडीच्या ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजूं लागले. तेव्हां तिनें वाटेंतील एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. आज प्रत्येक मोटारीच्या ब्रेकला जें अस्तर असतें त्याचा उगम या चामड्यांत सांगतात. म्हणजे जगांतील पहिल्या लांब मोटारप्रवासांत जी पहिली मोठी सुधारणा सुचली ती गाडी अधिक पळविण्याची नव्हती. गाडी थांबविण्याची होती. आणि ती एका गृहिणीला सुचली, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मोटार ज्या लोखंडाची होते त्या लोखंडाशीं आमच्या मुलखाचा संबंध फार जुना आहे. सन १८८२ मध्यें चांदा जिल्ह्यांतील लोहखनिजाविषयींचा एक अहवाल जमशेटजी टाटांच्या हातीं पडला आणि पोलादाचा कारखाना काढण्याची कल्पना त्यांच्या मनांत रुजली. लोहाऱ्याचें लोखंड आणि वरोऱ्याचा कोळसा असा तो बेत होता. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाहीं, आणि अखेर कारखाना उभा राहिला तो दूर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपुरास. आतां एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडच्या डोंगरांतून लोखंडी दगड निघतो आणि अजस्र मालमोटारी तो वाहून नेतात. लोखंड आमचें, कोळसा आमचा; चांगला रस्ता मात्र आमच्या वांट्याला फार उशिरां आला.

त्यामुळें या भागांत मोटारीचा तिरस्कार करणें हें पोट भरलेल्या माणसानें उपवासाचें माहात्म्य सांगण्यासारखें आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं जुन्या चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. त्याचें क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि त्यांतील सुमारें तीन चतुर्थांश भूमि वनाखालीं. आगगाडी इतकीं वर्षें केवळ वडशाच्या कोपऱ्याला शिवून गेली. गडचिरोलीहून सिरोंचास जावयाचें तर आष्टी, आलापल्ली करीत सुमारें दोनशें किलोमीटर जंगल तुडवावें लागतें. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडची वाट तुटत आलेली आहे. आडवळणाच्या पाड्यावरून अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून, चौघांच्या खांद्यांवरून रस्त्यापर्यंत आणावें लागतें. आणि त्या रस्त्यावर जर मोटार उभी असली तर दोन जीव वांचतात. सन २०१४ पासून महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका धांवूं लागल्या, त्यांचें मोल मुंबई-पुण्याहून येथें शतपट आहे. एस्. टी. ची लाल गाडी आणि तिच्या पाठोपाठ येणारी काळी-पिवळी या आमच्याकडे चैनीच्या वस्तु नाहींत. बाजार, शाळा, कचेरी आणि माहेर या चारही गोष्टी त्यांच्याच पायांनीं चालतात. म्हणूनच मी म्हणतों कीं मोटार ही येथें फार मोठी उपकारकर्ती आहे. आणि उपकारकर्तीचा स्वभाव नीट समजून घेणें हें उपकृताचें कर्तव्य आहे.

तो स्वभाव समजून घेण्यासाठीं आपण थोडें गणित करूं. घाबरूं नका; नववीच्या वर्गांतील मुलें तें सहज करीत असत.

समोर कांहीं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही सुमारें एक सेकंद लागतो. ताशीं ४० किलोमीटर वेगाची गाडी एवढ्या वेळांत ११ मीटर पुढें गेलेली असते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागून ती सुमारें ९ मीटरांत थांबते. एकूण झाले २० मीटर. आतां वेग दुप्पट करा, म्हणजे ताशीं ८०. पुष्कळांना वाटतें कीं थांबण्याचें अंतरही दुप्पट होईल. तसें होत नाहीं. विचाराच्या सेकंदांत २२ मीटर जातात, आणि ब्रेक लागल्यावर ९ च्या दुप्पट १८ नव्हे, तर चौपट, म्हणजे सुमारें ३५ मीटर लागतात. एकूण ५७. ताशीं १०० च्या वेगानें हीच बेरीज ८३ मीटरांवर जाते. धांवत्या गाडीच्या अंगीं जी शक्ति असते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, आणि ब्रेकला ती सर्व शक्ति उष्णता करून हवेंत सोडून द्यावी लागते. वेग आपण एकपटीनें घेतों आणि त्याचें कर्ज वर्गाच्या हिशेबानें फेडतों. कोणत्याही सावकारानें इतकें जबर व्याज घेतलेलें मीं ऐकलें नाहीं.

हें गणित आतां रात्रीच्या वेळीं मूलच्या रस्त्यावर नेऊन ठेवूं. चंद्रपूर सोडून मूलकडे निघालें कीं लवकरच दुतर्फा ताडोब्याच्या भोंवतालचें जंगल लागतें. समोरून गाडी येत असली तर आपण सभ्यपणें डिप्पर देतों, म्हणजे दिव्यांचा झोत खालीं वळवितों. या खालच्या उजेडांत पुढचा रस्ता स्पष्ट दिसतो तो साधारण ४० ते ५० मीटर. आपला वेग आहे ८०. थांबावयास लागतात ५७ मीटर. आणि दिसतें पन्नास मीटरांपर्यंत. याचा अर्थ असा कीं आपण आंधळ्यासारखे धांवत आहों. पन्नास मीटरांवर एखादें रोही रस्त्यांत उभें दिसलें, आणि आपण एका सेकंदांत ब्रेक दाबला, तरी गाडी त्याच्यावर आदळेल तेव्हां तिचा वेग ताशीं सुमारें ३६ किलोमीटर उरलेला असेल. हाच वेग मुळांत १०० असता तर धडक बसेल ती ताशीं सुमारें ७७ किलोमीटरांची! वीस किलोमीटरांचा मूळचा फरक धडकेच्या क्षणीं एकेचाळीसांचा होतो. दिव्याच्या उजेडानें जनावर दिपतें आणि पळण्याऐवजीं जागींच खिळतें. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. लक्षावधि वर्षांच्या वहिवाटींत त्याला दोन सूर्य घेऊन धांवणारा प्राणी कधीं भेटला नव्हता.

आणि रस्त्यांत केवळ जनावरेंच असतात असें नाहीं. चैत्राच्या सुमारास मोहाचीं फुलें गळूं लागलीं कीं पहाटेच्या अंधारांत बायकामुलें टोपल्या घेऊन जंगलाकडे निघतात. उन्हाळा तापला कीं तेंदूपत्त्याच्या तोडणीला हीच माणसें पुन्हां रस्त्यावर. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटकमंडळ्या गांवोगांव जातात, नाटक रात्रभर रंगतें, आणि उजाडतां उजाडतां तारवटलेल्या डोळ्यांचे प्रेक्षक दुचाकींवर तिघे तिघे बसून घरोघर परततात. ज्या अंधारांत मोहफुलें वेंचणारी म्हातारी चालत असते त्याच अंधारांत अपुऱ्या झोंपेचा मोटारवाला धांवत असतो. त्या दोघांच्या मध्यें रक्षण करणारी वस्तु एकच, ती म्हणजे थांबण्याचें अंतर. भारतांत सन २०२२ या एका वर्षांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांतील शेंकडा सत्तरांहून अधिक मृत्यूंचें कारण अतिवेग असें सरकारी अहवालांत नोंदलें आहे. वाघांनाही सूट मिळालेली नाहीं. बोर अभयारण्यांतील बाजीराव नांवाचा प्रसिद्ध वाघ डिसेंबर २०१७ अखेर नागपूर-अमरावती मार्गावर बाजारगांवजवळ वाहनाच्या धडकेनें मेला. ज्याच्यापुढें जंगल वाट सोडतें त्याला चार चाकांनीं वाट सोडली नाहीं.

यावर उपाय नाहीं असें मात्र नाहीं. नागपूरहून उत्तरेस पेंचच्या अरण्यांतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर जनावरांसाठीं खालून वाटा ठेविल्या आहेत. रस्ता खांबांवर उचलून घेतला आहे. त्यांतील सर्वांत लांब भाग ७५० मीटरांचा आहे. वन्यजीवांच्या अभ्यासकांनीं तेथें छायाचित्र घेणारीं यंत्रें लावलीं, तेव्हां हरिणें, रानडुकरें आणि वाघ देखील त्या वाटा वापरीत असल्याचें आढळलें. जनावर शिकतें, प्रश्न माणसाच्या शिकण्याचा आहे. असा मार्ग सर्वत्र बांधतां येणार नाहीं. जेथें तो नाहीं तेथें जंगलाच्या रात्रीच्या रस्त्यावर ताशीं ४० किलोमीटर, हा नियम ज्यानें त्यानें स्वतःला घालून घ्यावा. चाळीस किलोमीटरांच्या जंगलपट्ट्यांत त्यामुळें अर्धा तास अधिक लागेल. त्या अर्ध्या तासांत जगाचें कांहीं अडत नाहीं.

आतां पावसाळ्याकडे वळूं. आमच्याकडे नाल्यांवर उंच पुलांऐवजीं पुष्कळ ठिकाणीं रपटे असतात. श्रावणांत रपट्यावरून पाणी वाहूं लागलें कीं दोन्ही तीरांवर गाड्या खोळंबतात, आणि थोड्या वेळानें कोणीतरी शूर पुरुष उंच गाडी घेऊन पुढें सरसावतो. "पाणी गुडघ्याएवढेंच आहे," असें तो सांगतो. येथें आर्किमिडीजचें स्मरण करावें. साधी लहान मोटार साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरली तर तिच्या तळाचें क्षेत्रफळ सव्वापांच चौरस मीटर होतें. पाणी तिच्या तळाला लागून आणखी सतरा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षांही कमी, चढलें तर तें तिला सुमारें ८९० किलोग्रॅम वजनाइतकें वर उचलतें. लहान मोटारीचें सर्व वजनच साधारण तितकें असतें! म्हणजे जमिनीपासून सव्वा फुटाच्या आंतच गाडीची नाव होते. फरक इतकाच कीं नावेला सुकाणू असतें आणि हिला नसतें. पाणी वाहतें असेल तर त्याहूनही कमी खोलींत चाकांची पकड सुटते. उंच आणि जड गाडीला थोडें अधिक पाणी लागतें, पण दोन फूट वाहतें पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेण्यास पुरेसें आहे. बंडी हांकणारा आमचा जुना शेतकरी पुराच्या काठावर बैल सोडून चिलीम पेटवीत असे. त्याला आर्किमिडीज ठाऊक नव्हता, पण थांबणें ठाऊक होतें.

येथपर्यंत रस्त्याविषयीं झालें. आतां मोटारींविषयींचीं माझीं कांहीं नित्याचीं मतें आपल्यापुढें ठेवतों. तीं सर्वांना पटतील असा आग्रह नाहीं.

माझी पहिली मोटार म्हणजे दुसऱ्याच्या हातची एक प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनीं सन १९४४ मध्यें स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी होत असे. तिचा गिअरचा दांडा सुकाणूच्या चक्राजवळ असे, आणि चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. त्या गाडीचा ब्रेक पायानें लावण्यापूर्वीं डोक्यानें लावावा लागे. दोनशें हातांवर शेळ्यांचा कळप दिसला कीं पाय आपोआप उचलला जाई. आजच्या गाड्यांना चकतीचे ब्रेक असतात आणि एप्रिल २०१९ पासून भारतांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला ए. बी. एस्. नांवाची योजना सक्तीची आहे. जोरानें ब्रेक दाबला असतां चाक जागींच जखडलें तर गाडी घसरत जाते आणि सुकाणू फिरवूनही वळत नाहीं. ही योजना एका सेकंदांत अनेक वेळां ब्रेक सैल करून पुन्हां आवळते, त्यामुळें चाक फिरतें राहतें आणि गाडी वळवितां येते. ही सुधारणा अत्यंत हितकर आहे. पण तिच्या भरंवशावर तरुण मंडळी वेग वाढवितात, आणि जें संरक्षण मिळालें तें खर्चून टाकतात. वर्गाचा नियम रद्द करणारें यंत्र अजून निघालेलें नाहीं.

दुसरें मत टायरांविषयीं. पांच-दहा लाखांची गाडी घेणारा गृहस्थ झिजलेल्या टायरावर आणखी एक उन्हाळा काढतो. चारही टायर मिळून रस्त्याला टेकतात ते सुमारें चार तळहातांएवढ्या जागेवर. आपलें सर्व कुटुंब त्या चार तळहातांवर बसलेलें असतें. मे २०१९ मध्यें चंद्रपूरचें तपमान ४८ अंशांपर्यंत गेलें होतें. अशा उन्हांत कमी हवेचा टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि फुटतो. म्हणून हवा सकाळीं, गाडी थंड असतांना तपासावी. गृहिणी दूध घेतांना माप पाहते, तितक्या काळजीनें हें काम करावें.

तिसरें मत पट्ट्याविषयीं. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्यानें सन १९५९ मध्यें सिद्ध केला, आणि त्याच्या कंपनीनें, व्होल्व्होनें, तो इतरांनाही वापरण्यास मोकळा ठेविला. इतकें मोठें दान मोटारींच्या इतिहासांत दुसरें नसेल. आपण तें दान पोलीस दिसला म्हणजे स्वीकारतों आणि चौक ओलांडला म्हणजे परत करतों. मागें बसणाऱ्यांना तर पट्टा हा अपमान वाटतो. गाडी थांबली तरी आंतील माणूस थांबत नाहीं; त्यालाही थांबविणारें कांहीं हवें, एवढेंच या पट्ट्याचें शास्त्र आहे.

चौथें मत गाडींतील पडद्यांविषयीं. पूर्वीं वारा कमी-जास्त करावयाचा तर हात आपोआप कळेवर जाई आणि डोळे रस्त्यावर राहत. आतां त्यासाठीं चकचकीत कांचेवर बोट फिरवावें लागतें आणि बोटाबरोबर डोळेही जातात. ताशीं ८० च्या वेगानें दोन सेकंद नजर हटली कीं गाडी ४४ मीटर कोणाच्याही देखरेखीशिवाय गेलेली असते. वर्गांत मुलांकडे पाठ करून फळ्यावर लिहितांना किती घटना घडतात हें मला ठाऊक आहे. म्हणून या प्रकाराची मला विशेष धास्ती वाटते.

पांचवें मत विजेच्या मोटारीविषयीं. आमच्या चंद्रपुरांत २,९२० मेगावॅटचें औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याच्या चिमण्यांच्या छायेंत राहणाऱ्या माणसाला विजेची मोटार निर्धूर आहे असें सांगणें अंमळ धाडसाचें होईल. मुंबईच्या रस्त्यावर न दिसणारा धूर पुष्कळदां आमच्या आकाशांत दिसतो. तथापि या गाडीचा एक गुण मला मनापासून आवडतो. चालक पाय उचलतो तेव्हां तिची विजेची मोटर उलट काम करूं लागते; चाकें तिला फिरवितात, ती वीज निर्माण करते, आणि धांवण्याची शक्ति सगळी उष्णतेंत वायां न जातां तिचा कांहीं भाग बॅटरींत परत जमा होतो. दीडशें वर्षांच्या आंत मोटारीनें इतकी प्रगति केली कीं थांबण्यानेंही कांहीं मिळतें, हें तिला समजलें. तिच्या मालकाला तें समजण्यास किती काळ लागेल, सांगवत नाहीं.

श्रोतेहो, मोटार हा विषय वरवर पाहतां लोखंडाचा आणि तेलाचा आहे, पण त्यांत आजच्या आपल्या जगण्याचें सगळें चित्र उमटलेलें दिसतें. आपण मुलांना लवकर शाळेंत घालतों, लवकर पुढें ढकलतों; जेवतांना बोलत नाहीं, बोलतांना ऐकत नाहीं; आणि घरांतून निघतांना पोंचण्याची वेळ आधींच चुकलेली असते. ती चूक मग रस्त्यावर भरून काढावयाची असते. वेगाचा खरा उगम एंजिनांत नसून घरांतील घड्याळांत आहे. दहा मिनिटें आधीं निघणारा मनुष्य वेगवान गाडी असूनही सौम्यपणें चालवितो. उशिरां निघालेला मनुष्य कोणत्याही गाडीला पटाचा बैल करून सोडतो. म्हणून घरोघरच्या आईबापांना माझी विनंति आहे कीं मुलाच्या हातीं किल्ली देतांना "सांभाळून जा" एवढेंच म्हणूं नये. "उशीर झाला तरी चालेल" असें म्हणावें. पहिल्या वाक्यांत काळजी आहे. दुसऱ्यांत परवानगी आहे, आणि तरुण माणसाला काळजीपेक्षां परवानगीचा उपयोग अधिक होतो.

ताडोब्याचें अरण्य सन १९५५ मध्यें राष्ट्रीय उद्यान झालें. महाराष्ट्रांतील असें तें पहिलें. तेथें गेली अनेक वर्षें प्रवाशांना हिंडविणारी गाडी म्हणजे उघडी जिप्सी. ही गाडी सन १९८५ मध्यें भारतांत निघाली. तिच्यांत गारवा नाहीं, पडदा नाहीं, मऊ गादी नाहीं. पण त्या अरण्यांतील जाणता चालक काय करतो तें पाहण्यासारखें असतें. दूरवर चितळानें इशारा दिला, वानरानें खोंकल्यासारखा आवाज केला, कीं तो गाडी कडेला घेतो आणि एंजिन बंद करतो. आंत बसलेल्या शहरी मंडळींची प्रथम चुळबूळ होते. मग हळूहळू पानांची सळसळ ऐकूं येते, पाखरांचे आवाज निरनिराळे ओळखूं येतात, धुळींतला ताजा ठसा दिसूं लागतो. वाघ दिसो वा न दिसो, जंगल दिसतें. धांवणाऱ्या गाडींतून तें कधींच दिसलें नसतें.

मोटार घेणाऱ्यांनीं अवश्य घ्यावी, हौसेनें चालवावी, तिच्यावर प्रेम करावें. मीही तें करीत आलों आहें. मात्र तिची परीक्षा करतांना पहिला प्रश्न थांबण्याचा विचारावा, आणि तो गाडीला विचारून झाल्यावर एकदां चालविणाऱ्यालाही विचारावा.